पावसापुढचे लाकूड : शाहूवाडीतील उघड्या लाकूडकामाच्या राखणीचा इतिहास

उघड्यावरच्या लाकडी जमिनीला दिलेला रंग किती वर्षे टिकेल, हे आधी पाऊस ठरवतो आणि मग ऊन. कोल्हापूर जिल्ह्याच्या वायव्येला असलेल्या शाहूवाडी तालुक्यात या दोन्हींची कसोटी कडक असते. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि त्याखाली रत्नागिरी जिल्हा, उत्तरेला वारणा नदी, तर मधून कडवी, शाळी आणि कासारी या नद्या वाहतात. आंबा, गजापूर, विशाळगड या घाटमाथ्याच्या पट्ट्यात मृगापासून दसऱ्यापर्यंत पावसाची झड लागते. पूर्वेकडे बांबवड्याच्या बाजूला उतरत जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. जून १७०२ मध्ये मोगलांनी विशाळगड घेतला, पण तिथून पन्हाळ्यापर्यंतची थोडकी वाट कापताना भर पावसात बादशाही फौजेचे अतोनात हाल झाले आणि तेवढ्या अंतराला महिन्याहून अधिक काळ लागला. अशा मुलखात लाकडाची घरे, देवळांचे मंडप, साकव आणि गाड्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिल्या. त्यामागे झाडाची निवड, बांधणीची समज, तेलाचा हात आणि दरवर्षीची देखभाल अशी एक पूर्ण पद्धत होती. रंगाचा डबा त्या पद्धतीत फार उशिरा आला.

पाऊस, ऊन आणि लाकूड

लाकूड हवेतला ओलावा सतत घेते आणि सोडते. हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत चढते. आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की ते ८ टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणातला घाटमाथा आणि एप्रिलमधला घाटमाथा यांच्यात साधारण एवढे अंतर असते. या चढउताराबरोबर लाकूड फुगते आणि आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, सारी हालचाल रुंदीत होते. दीडशे मिलिमीटर रुंदीची सागाची फळी अशा एका वर्षात सुमारे तीन मिलिमीटर मागेपुढे होऊ शकते. तिच्यावर बसलेल्या रंगाला तितकेच ताणावे आणि आकसावे लागते.

लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. त्याखाली लाकूड कोरडे राहिले तर शतके टिकते. दुसरीकडे, उन्हातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन हा चिकट घटक तोडतात. मग पृष्ठभाग आधी करडा होतो, नंतर त्याचे तंतू सुटू लागतात आणि पुढच्या पावसात ते वाहून जातात. तिसरा शत्रू वाळवी. जांभ्याच्या तांबड्या मातीत तिची वारुळे जागोजाग दिसतात आणि मातीला टेकलेले लाकूड ती आधी धरते.

या तिन्हींचा मारा उभ्या लाकडापेक्षा आडव्या लाकडावर जास्त होतो. दारावर पडलेले पाणी ओघळून जाते, पण जमिनीवरचे साचते. दुपारचे ऊनही आडव्या फळीवर थेट पडते. त्यात पावलांची घासण वाढते. म्हणून लाकडी जमिनीची राखण हा उघड्या लाकूडकामाचा सर्वांत अवघड भाग ठरतो.

झाडाची निवड आणि तोडणी

शाहूवाडीचे जंगल मुख्यतः निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा ही घाटमाथ्यावरची नेहमीची झाडे. उतारावर ऐन, किंजळ, नाणा आणि शिवण, तर गावाजवळ फणस आणि आंबा. प्रत्येक लाकडाचे काम ठरलेले असे. जांभूळ पाण्यात आणि ओलीत टिकते, म्हणून विहिरीचे आणि ओढ्यावरचे काम त्याचे. ऐन आणि किंजळ ताकदीचे, म्हणून खांब आणि तुळया त्यांच्या, मात्र ऐन वाळताना चिरते. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, तेव्हा दारे आणि चौकटी फणसाच्या. शिवण हलकी असली तरी वाकडी होत नाही. आंब्याची फळी स्वस्त आणि रुंद मिळते, पण पाऊस लागला की तिला बुरशी आणि भुंगा दोन्ही धरतात. उघड्यावर ती घालणे म्हणजे दोन-तीन वर्षांचेच काम.

झाड कोणतेही असले तरी टिकाऊपणा गाभ्यात असतो. सालीलगतच्या पांढरट थरात साखर आणि पिष्ट असते, आणि बुरशीला व किड्याला तेच हवे असते. सागाच्या गाभ्यात वाळवीला नकोसे असणारे तेलकट द्रव्य असते, तर सालीलगतचा सागही इतर लाकडाइतकाच कच्चा असतो. जुने सुतार वाकसाने पांढर तासून टाकत आणि गाभाच कामाला घेत. आज कोवळ्या लागवडीचा साग बाजारात येतो. त्यात पांढर जास्त असते, आणि अनेक नव्या कामांचे अपयश तिथूनच सुरू होते.

तोडणीचा काळही ठरलेला असे. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोड होई. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, ही रीत सह्याद्रीत सर्वत्र आढळते. पाण्यात बांबूतील पिष्ट निघून जाते आणि किडीला खायला उरत नाही. लाकडाचे ओंडकेही पाण्यात मुरवून मग सावलीत वाळवत.

झाडांच्या वापरावर राज्याचे आणि देवाचे नियंत्रण होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाशी जोडलेल्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड परवानगीने तोडावे आणि रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, अशी ताकीद आहे. देवराईतले लाकूड घरासाठी आणायचे नाही, देवळाच्या दुरुस्तीला लागले तर कौल घेऊनच तोडायचे, हा गावोगावचा नियम होता. लाकूड असे मोजून मिळत असल्याने ते टिकवण्याला किंमत होती.

पाणी लांब ठेवणारी बांधणी

घाटमाथ्याच्या जुन्या घरात लाकडावर पाणी पडू नये याची व्यवस्था बांधणीतच केलेली असते. जोते उंच घेतात. खांब जमिनीत पुरत नाहीत, घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा करतात. त्यामुळे जमिनीची ओल खांबाच्या तळातून वर चढत नाही आणि वाळवीची मातीची वाट उघडी पडून लगेच दिसते. छपराची पाखे भिंतीच्या बरीच पुढे आणि खाली उतरतात. पागोळ्या ओट्याच्या कडेपलीकडे पडतात. आतली पडवी आणि सोपा यांचे खांब त्यामुळे बहुतेक कोरडे राहतात.

पावसाळ्यापुरता आणखी एक थर वाढवला जाई. वाऱ्याच्या बाजूने गवताच्या किंवा पानांच्या झडी बांधत. कारवीचे कूड मातीने लिंपून आडोसा करत. दिवाळीनंतर झड काढली की आतल्या लाकडाला वारा आणि ऊन मिळे. म्हणजे ज्या काळात पाणी मारा करते तेव्हा लाकूड झाकलेले आणि ज्या काळात ते वाळायला हवे तेव्हा मोकळे, असा हा ऋतूचा हिशेब होता.

घरातले लाकूड धुराने राखले जाई. चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडताना वाशांवर आणि आढ्यावर बसे. धुरातील फिनॉल वर्गाची द्रव्ये किडीला आणि बुरशीला मारक असतात, शिवाय चुलीच्या उबेने छपराखालचे लाकूड भर पावसातही कोरडे राही. जुन्या घरांची काळीभोर आढी अजून ठणठणीत दिसतात त्यामागे हे कारण आहे. चूल बंद झालेल्या घरांत ही राखण थांबली आणि तिथे वाशांना भुंगा लागू लागला.

माडीची जमीन कडीपाटाची असे. तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. पुष्कळ घरांत फळ्यांवर मातीचा थर देऊन शेणाने सारवत. उघड्या आकाशाखाली आडव्या फळ्यांची जमीन घालायची, ही कल्पना इथल्या घरबांधणीत नव्हती. उठबस होई ती दगडमातीच्या ओट्यावर. लाकडी सज्जा जिथे होता तिथे तोही छपराच्या आत होता. परंपरेने दिलेला पहिला धडा असा की पावसात आडवे लाकूड टाळता येईल तेवढे टाळावे.

उघड्यावरचे फलाट : साकव, माळा आणि गाडी

तरीही काही कामांत आडवे लाकूड पावसात ठेवावेच लागे. ओढ्यावरचा साकव हे त्याचे ठळक उदाहरण. दोन काठांवर जांभळाचे किंवा ऐनाचे सोट टाकायचे, त्यावर बांबूची किंवा फाट्यांची आडवी पाटी वेलीने वा काथ्याने बांधायची, एका अंगाला धरायला बांबू लावायचा. पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांचा संबंध याच वाटेने राही. साकवाला रंग वा तेल कोणी लावत नसे. तो मुळात बदलण्यासाठीच बांधलेला असे. सोट बरीच वर्षे चालत, वरची पाटी मात्र आगोटीच्या कामात दरवर्षी तपासून नवी बांधत. झिजणारा भाग वेगळा आणि टिकणारा भाग वेगळा ठेवणे, हे तत्त्व आजच्या डेकच्या बांधणीतही तितकेच उपयोगी आहे.

शेतराखणीचा माळा असाच हंगामी. भात पोटरीत आले की डुकरे आणि गवे यांच्यापासून पीक राखायला तो उभारत आणि सुगी झाली की मोडत. पाटीच्या दोन बांबूंत फट ठेवलेली असे, त्यामुळे पाणी साचत नसे आणि खालून वारा लागे.

बैलगाडी मात्र वर्षानुवर्षे वापरायची वस्तू. तिची साटी उन्हापावसात राही, धान्य, शेणखत, ऊस, दगड सारे तीच वाही. गाडीला तेल आणि डांबर चोळत, चाकाच्या धावेजवळची आणि सांध्यांची जागा विशेष जपत. सांध्यात पाणी मुरले की लाकूड आतून जाते, हे गाडीवानाला अनुभवाने ठाऊक होते. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा गाडी छपराखाली घेत आणि चाके जमिनीवरून उचलून दगडांवर ठेवत.

तेल, चीक आणि माती

लाकडाला लावायची जुनी द्रव्ये तीन प्रकारची होती : लाकडात मुरणारी तेले, किडीला दूर ठेवणारे चीक आणि काढे, आणि ऊन अडवणारी माती.

तेलांमध्ये सुकणारे आणि न सुकणारे असा भेद महत्त्वाचा. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या तोंडाशी लवचिक थर धरते. घाटउतारावर पिकणाऱ्या कारळ्याचे तेलही बऱ्यापैकी सुकते. करंजाचे तेल मात्र सुकत नाही. ते ओशट राहते, पण त्यातील कडू द्रव्यामुळे कीड लांब राहते. म्हणून दाराच्या मागच्या बाजूला, खांबांच्या तळाला आणि अवजारांना करंज चाले. चालायच्या जमिनीवर ते लावले तर धूळ धरून चिकट थर बसतो. कच्चे जवस सुकायला अनेक दिवस घेते, म्हणून ते उकळून पक्के करत. उकळल्यावर ते लवकर सुकते. तेल नेहमी पातळ आणि कोमट लावायचे, लाकडाने प्यायले नाही तेवढे फडक्याने पुसून काढायचे. पुसले नाही तर वर साय धरते आणि पहिल्या पावसातच ती पांढुरकी होते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर सुकताना त्यांच्यात आपोआप उष्णता वाढते आणि ती पेटूही शकतात. ती पसरून वाळवणे किंवा पाण्यात बुडवणे हा जुन्या कारागिरांइतकाच आजही पाळायचा नियम आहे.

बिब्ब्याचा काळा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेल ही दुसऱ्या प्रकारची द्रव्ये. दोन्ही झाडे एकाच कुळातली आणि दोहोंचा रस कातडीला लागला तर फोड येतात. वाळवीविरुद्ध दोन्ही प्रभावी मानली जात. किनाऱ्यावर होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल, उंडीचे तेल आणि माशाचे तेल लावत. आंबा घाट हा कोल्हापूर आणि रत्नागिरी यांना जोडणारा रस्ता असल्याने किनाऱ्यावरचा माल आणि त्याबरोबरचे ज्ञान या तालुक्यातूनच वर येई.

हिरडा हे शाहूवाडीच्या जंगलाचे नावाजलेले उत्पन्न. त्यातील टॅनिनसाठी कातडी कमावण्याच्या धंद्यात त्याला मोठी मागणी होती आणि इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून तो परदेशी जाई. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा गंज मिसळला की काळा रंग तयार होतो. शाई, कापड आणि लाकूड या तिन्हींना तो चालतो, कारण तो तंतूंमध्येच बसतो. वर थर नसल्याने त्याचे पोपडे निघण्याचा प्रश्नच येत नाही.

गेरू आणि हुरमुंज ही लोहाची तांबडी माती. ती तेलात खलून दारे, चौकटी आणि मंडपाचे खांब रंगवत. लोहाचा हा कण उन्हातील अतिनील किरण शोषतो आणि स्वतः फिका पडत नाही, त्यामुळे खालचे लिग्निन वाचते. जगातील इतर पावसाळी मुलखांनीही हीच वाट धरलेली दिसते. स्वीडनमध्ये फालुन येथील तांब्याच्या खाणीच्या मातीपासून केलेला तांबडा रंग शेकडो वर्षे घरांना लावला जातो. तो लाकडाला श्वास घेऊ देतो, जुना होताना पावडरीसारखा झडतो, आणि झाडून त्यावर नवा हात देता येतो. नॉर्वेतील बोर्गुंडचे बाराव्या शतकाच्या अखेरचे लाकडी चर्च पाइनच्या डांबराचे हात पुन्हा पुन्हा देऊन राखले गेले आहे. शाहूवाडीची तेल-गेरूची पद्धत या जातीतलीच होती : पातळ, मुरणारी आणि पुन्हा पुन्हा लावायची.

डांबर, रेल्वे आणि डबाबंद रंग

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी कोल्हापूर संस्थानातील गडांची तटबंदी पाडली. विशाळगड जहागिरीचे ठाणे तालुक्यातल्याच मलकापुरात स्थिरावले. गडावरचे लाकूडकाम उजाड झाले आणि वाडे, कचेऱ्या, पेठ यांची कामे मलकापुरात वाढली. मागोमाग नव्या वस्तू आल्या. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी कौले पुढे कोकण व घाटमाथ्यावर पसरली. त्याच वर्षी मुंबईत गॅसचे दिवे लागले. कोळशापासून गॅस काढताना उरणारे डांबर हे लाकडासाठी स्वस्त आणि जबरदस्त औषध ठरले. खांबांचे तळ, तुळयांची भिंतीत जाणारी टोके, गाड्या आणि कुंपणाचे डांब यांना डांबर फासण्याची रीत रुळली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि डब्यातले रंग, जवसाचे पक्के तेल, टर्पेंटाइन हे सामान कोल्हापूरच्या पेठेत सहज मिळू लागले.

त्या काळचा तेलरंग म्हणजे सफेदा किंवा शेंदूर, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण. सफेदा आणि शेंदूर दोन्ही शिशाची संयुगे. ती तेलाशी मिळून कठीण तरीही लवचिक थर धरतात, म्हणून लोखंड आणि लाकूड दोहोंवर शेंदराचे अस्तर टिकाऊ मानले जाई. त्याची किंमत रंगाऱ्याच्या आणि घरातल्या मुलांच्या आरोग्याने मोजली. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी खाली आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे जुन्या वाड्यातील रंग घासताना आजही धूळ उडू न देणे, ओला पॉलिश पेपर वापरणे आणि मुलांना दूर ठेवणे आवश्यक आहे.

रंगांचा देशी उद्योग विसाव्या शतकात उभा राहिला. हावड्याला १९०२ मध्ये शालिमार, मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये पुढे नेरोलॅक झालेली कंपनी, आणि १९४२ मध्ये मुंबईतच चार मित्रांनी काढलेली एशियन पेंट्स. तालुक्याच्या गावापर्यंत लहान डबे पोचू लागले तसा गेरू मागे पडला. अल्किड राळेवर आधारलेला चकचकीत ऑइल पेंट सणासुदीचा रंग झाला. दार, खिडकी, देव्हारा, गाडी, मंडपाचे खांब यांवर तो शोभला आणि टिकलाही.

जमिनीवरचा रंग का सुटतो

हाच रंग पावसातल्या फळीवर टिकला नाही. ऑइल पेंट लाकडाच्या वर एक सलग पापुद्रा तयार करतो. उभ्या, छपराखालच्या दारावर तो पापुद्रा पाणी अडवतो. आडव्या फळीवर गोष्ट उलटते. फळी आकसली की सांध्याशी आणि खिळ्याशी रंगाला केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जाते, पण वरचा थर अखंड असल्याने बाहेर पडत नाही. ऊन पडले की आतल्या पाण्याची वाफ होते, रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. पोपड्याखाली लाकूड ओले राहते आणि तिथे कुजते. न रंगवलेली फळी नुसती करडी झाली असती, तिथे रंगवलेली फळी आतून जाते.

पाणी शिरण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे फळीची कापलेली टोके. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि रुंद बाजूच्या मानाने टोकातून पाणी कितीतरी वेगाने ओढले जाते. घाईत केलेल्या कामात वरचा भाग दोनदा रंगवतात आणि टोके व खालची बाजू तशीच ठेवतात.

लांबी हा दुसरा दोष. भिंतीवर आणि आतल्या फर्निचरवर लांबी भरून सफाई आणणे योग्य असते. बाहेरच्या फळीवर लांबी लाकडाबरोबर हलत नाही, वेगळी सुटते आणि आपल्याबरोबर रंगही घेऊन जाते. तिसरा दोष ओल्या लाकडावर रंग देण्याचा. गणपतीच्या उघडिपीत वरून कोरडी दिसणारी फळी आत ओलीच असते.

औषध मुरवलेले लाकूड

लाकडाच्या वर काय लावावे यापेक्षा आत काय मुरवावे हा विचार एकोणिसाव्या शतकात युरोपात सुरू झाला. १८३८ मध्ये जॉन बेथेल यांनी दाबाखाली क्रिओसोट मुरवण्याचे पेटंट घेतले आणि रेल्वेच्या स्लीपरांचे आयुष्य वाढले. भारतात १९०६ मध्ये डेहराडूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे १९३३ मध्ये सोंती कामेसन यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधले. हे क्षार लाकडाच्या तंतूंना घट्ट चिकटतात आणि पावसात सहज धुऊन जात नाहीत. ‘अस्कू’ या नावाने ते जगभर गेले. अमेरिकेतील घरांपुढचे लाकडी डेक आणि पोर्च दशकानुदशके याच भारतीय शोधावर उभे राहिले. आर्सेनिकच्या धोक्यामुळे तिथे घरगुती कामासाठी त्याचा वापर २००३ च्या अखेरीस थांबला आणि तांब्यावर आधारलेली इतर मिश्रणे आली. लाकूड टिकवण्याच्या औषधांसाठी भारतात आयएस ४०१ हे मानक आहे.

औषध मुरवल्याने बुरशी आणि वाळवी थांबते. ऊन, फुगणे आणि घासण यांवर त्याचा इलाज चालत नाही. तेव्हा मुरवलेल्या लाकडालाही वरून तेल किंवा स्टेन लागतेच, आणि कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावावे लागते.

आजचा डेक

आंबा परिसरात पर्यटन वाढले तसे रिसॉर्टचे आणि शेतघरांचे उघडे लाकडी डेक दिसू लागले. घाटमाथ्यावरच्या घराने टाळलेली गोष्ट त्यांनी अंगावर घेतली आहे, म्हणून जुन्या पद्धतीतील शहाणपण त्यांनाच जास्त लागते. टिकणाऱ्या कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

आधी बांधणी. डेकचे खांब दगड किंवा काँक्रीटच्या तळावर धातूच्या बुटात बसवावेत, मातीत पुरू नयेत. फळ्यांखाली वारा खेळेल एवढी जागा मोकळी असावी. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी आणि जमिनीला पाणी वाहून जाईल इतका उतार द्यावा. फळ्या गाभ्याच्या असाव्यात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण साधे लोखंड गंजते आणि टॅनिनच्या लाकडावर काळे डाग पाडते. साकवाच्या पाटीसारखी प्रत्येक फळी सुटी काढता आली पाहिजे.

मग ऋतू. घाटमाथ्यावर रंगकामाचा खरा हंगाम माघ ते चैत्र. तोवर लाकूड आतून वाळलेले असते आणि ओलावा मोजला तर १५ टक्क्यांखाली भरतो. सकाळचे दव उतरल्यावर काम सुरू करावे आणि फळी उन्हाने तापण्याआधी थांबावे, कारण तापलेल्या फळीवर हात नीट मुरत नाही. रोहिणीच्या वळवात लावलेला रंग वाळण्याआधीच भिजण्याचा धोका असतो. मृगाच्या किमान महिनाभर आधी काम संपलेले बरे.

त्यानंतर पृष्ठभाग. शेवाळ आणि बुरशी ब्रशने घासून धुवावी आणि फळी अनेक दिवस वाळू द्यावी. करडा थर ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. फार गुळगुळीत केलेल्या लाकडात तेल मुरत नाही आणि पावसात पाय घसरतो. नव्या फळ्या बसवण्यापूर्वी चारही बाजूंना आणि टोकांना एक हात द्यावा, टोकांना दोन. हे काम नंतर करता येत नाही.

शेवटी द्रव्याची निवड. चालण्याच्या जमिनीला मुरणारे तेल किंवा रंगद्रव्य असलेला पातळ स्टेन सर्वांत योग्य. रंगद्रव्य असलेला स्टेन बिनरंगी तेलापेक्षा ऊन जास्त अडवतो, आणि त्यातही लोहाचा तांबडा-तपकिरी रंग सर्वांत भरवशाचा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. रंगीत पापुद्राच हवा असेल तर तो छपराखालच्या ओसरीपुरता ठेवावा, जमिनीसाठी बनवलेला लवचिक रंग घ्यावा, लाकडाला प्राइमर द्यावा, लांबी भरू नये, आणि शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळावी म्हणजे ओल्या पायांना पकड मिळते. कठड्याला आणि खांबांना हाच रंग अनेक वर्षे चालतो.

यानंतर उरते ती वार्षिक देखभाल. पावसाळ्यात पाने आणि चिखल साचू न देता फटी मोकळ्या ठेवाव्यात. दिवाळीनंतर डेक धुऊन उन्हाला मोकळा सोडावा. माघात फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत : थेंब गोल राहिले तर हात शिल्लक आहे, लगेच मुरले तर तेलाची वेळ झाली. भर पावसाच्या पट्ट्यात तेल दरवर्षी आणि स्टेन दोन-तीन वर्षांनी लागतो. खराब झालेली एखादी फळी त्याच वेळी बदलून टाकावी. मुरणाऱ्या द्रव्यावर नवा हात देताना जुना खरवडून काढावा लागत नाही, त्यामुळे एका डेकचे वर्षाचे काम एक-दोन दिवसांत आटोपते. पापुद्र्याचा रंग एकदा पोपडला की मात्र सारी जमीन मुळापासून घासावी लागते, आणि तो खर्च व ती मेहनत कित्येक वर्षांच्या तेलाहून जास्त भरते.